वरचा उजेड

"आणि त्या बाई कोण?" पुरस्कारासाठी त्यानं केलेली वास्तू पाहायला आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, आणि उत्तर त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं की ते आपणच दिलं हे त्याला जरा पुढे गेल्यावर कळलं. "असतात हो असे एकेक," तो हसून म्हणाला, "सार्वजनिक वाचनालय म्हटल्यावर काय, कोणीही येऊन बसतं." परीक्षक बाई हसल्या. त्यांच्यासोबतचे दोघे परीक्षकही हसले. काचेच्या उंच छपराखाली, त्या भल्यामोठ्या दालनाच्या मधोमध, लांब टेबलाशी एक म्हातारी बाई काळी छत्री उघडून, तिचा दांडा मानेशी अडकवून, सावलीत पुस्तक धरून वाचत बसली होती. ती त्याची सख्खी थोरली बहीण होती.

तिनं ऐकलं असणार. त्या दालनात कुजबुजही पार दुसऱ्या भिंतीपर्यंत जाते, हे त्यानंच मघाशी दारात उभं राहून पाहुण्यांना सांगितलं होतं. दगडी भिंती, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि वर काच, आवाज मुरायला जागाच नाही, तेव्हा जरा हळू बोलू या. ताईनं मान वर केली नाही. फक्त छत्री थोडी पुढे कलली आणि तिचा चेहरा झाकला गेला. आता टेबलावर नुसते तिचे हात दिसत होते, उजव्या हाताचं बोट ओळीखाली. छत्री तिनं आपल्याला वाचवायला पुढे घेतली, की स्वतःला, की उन्हाची तिरीप आली म्हणून सहज, हे त्याला कळेना, आणि कळेना म्हणून तो आणखी भराभरा बोलू लागला. छपराच्या कण्याला असलेले झरोके त्यानं हात उंचावून दाखवले. गरम हवा तिथून आपोआप निघून जाते, खालच्या जाळ्यांतून गार हवा आत येते, त्यामुळे एवढ्या मोठ्या इमारतीत हवा गार करणारं एकही यंत्र नाही. पण परीक्षक बाईंचं लक्ष झरोक्यांकडे नव्हतं. त्या सरळ छत्रीकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्यामागून जाण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हतं.

"माफ करा हं, मध्येच बोलते," परीक्षक बाई वाकून म्हणाल्या. "तुम्ही नेहमी येता का इथे?"

"रोज," ताई म्हणाली.

"आणि ही छत्री?"

ताईनं पुस्तकातलं बोट तसंच ठेवलं. "डोळे जुने झालेत. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. उजेड फार झाला की अक्षरं पळतात. बाकी जागा छान आहे." मग तिनं त्याच्याकडे मान वळवली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो करत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, साहेब. माझ्यापायी पाहुण्यांचा खोळंबा नको."

तो पुढे झाला. हेच त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की अजूनही वेळ गेली नव्हती, नुसतं 'अहो, ही माझी ताई' एवढं म्हणायचं होतं, सगळे हसले असते, गंमतच झाली असती, ताईनंही दोन टोमणे मारून घेतले असते; आणि तो पुढे झाला. जिन्यावरून त्यानं पाहुण्यांना गच्चीवर नेलं, काचेचं छप्पर बाहेरून दाखवलं. ही मूळची टपालाची इमारत. शहराची सगळी पत्रं या दालनात येऊन पडायची आणि पत्ते वाचून वेगळी व्हायची. तेव्हा वीज नव्हती, म्हणून बांधणाऱ्यांनी छप्परच काचेचं केलं. पुढे युद्धाच्या काळात वरून विमानांना दिसू नये म्हणून काचांना डांबर फासलं गेलं. युद्ध संपलं, डांबर राहिलं. मग खाली खोटं छत आलं, त्याला ट्यूबलाइटी लागल्या, भर दुपारी त्या जळत राहायच्या, आणि वर आपल्याला काचेचं छप्पर आहे हेच लोक विसरून गेले. ही हकीकत तो नेहमी सांगायचा आणि नेहमी रंगून सांगायचा. आजही त्याची जीभ कुठे अडखळली नाही. डांबर खरवडायला सुरुवात केली त्या दिवशी पहिल्या काचेतून खाली धुळीत उजेडाचा एक चौकोन पडला आणि कामावरची माणसं हातातलं काम टाकून त्याच्याभोवती उभी राहिली, हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखा जड झाला, आणि आपला आवाज नेहमीच्याच जागी जड झाला हे ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली. परीक्षक बाई मात्र मन लावून ऐकत होत्या. खाली काचेपलीकडे छत्रीचा काळा ठिपका दिसत होता. तो त्या बाजूला पाठ करून उभा राहिला.

तशी ताईची लाज वाटण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. तिचा आवाज मोठा. छापखान्यात यंत्रांच्या धडधडीत सारी नोकरी गेली, त्यामुळे ती दवाखान्यातसुद्धा गच्चीवरून हाक मारल्यासारखी बोलते. ती प्रुफं तपासायची, आणि निवृत्त झाली तरी तपासायची थांबली नाही. हॉटेलात गेलं की मेनूकार्डातल्या चुका वेटरला दाखवते. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत तीन चुका राहिल्या होत्या, तर हिनं पाहुण्यांना वाटायच्या सगळ्या पत्रिका लाल शाईनं दुरुस्त केल्या, काना-मात्रा, खुणा, सगळं. सासरेबुवांनी ती पत्रिका चष्मा काढून, पुन्हा लावून वाचली होती. पुढे त्याचं नाव होत गेलं तसतशी ताई त्याच्या घरच्या जेवणावळींतून हळूहळू गळत गेली. कोणी गाळली असं नव्हे. 'तुला कंटाळा येईल गं, सगळी आमच्या धंद्यातली माणसं,' तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, 'नको बाबा, मला तुमचं काँक्रीट पचत नाही.' दोघंही हसायचे. एवढ्यावर ते निभत आलं होतं. आणि तरीही व्याख्यानाला उभा राहिला की तो हमखास त्यांच्या जुन्या घरातल्या टेबलाची गोष्ट सांगायचा. दोन खोल्या, एकच धड खिडकी, आणि प्रुफं तपासायचं टेबल दिवसभर उजेडाच्या मागे सरकत जायचं. सकाळी खिडकीशी, दुपारी भिंतीपाशी, संध्याकाळी पार उंबऱ्यात. टेबलाच्या एका टोकाला तो अभ्यासाला बसायचा, म्हणून त्याचा अभ्यासही सरकत जायचा. 'वास्तुकला मी तिथे शिकलो,' तो म्हणायचा, आणि टाळ्या पडायच्या. टेबल कोण सरकवायचं ते तो सांगायचा नाही. 'घरातलं एक वडीलधारं माणूस' म्हणायचा. आज गच्चीवर परीक्षक बाईंना ती गोष्ट सांगायची त्यानं ठरवून ठेवली होती. जिभेच्या टोकाशी आली तशी त्यानं ती गिळली, आणि त्याऐवजी पावसाच्या पाण्याच्या टाक्यांविषयी बोलू लागला.

पाहुण्यांची गाडी गेली. तो दालनात परत आला तेव्हा ताईची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती, पुस्तक जागेवर गेलं होतं. तो त्या खुर्चीत बसला. समोर कोणी तरी सोडून गेलेलं मासिक पडलं होतं, ते त्यानं उघडलं. या दालनात तो शेकडो वेळा उभा राहिला होता, उकिडवा बसून त्यानं जमिनीचे दगड तपासले होते, शिडीवर चढून छपराच्या काचांना हात लावले होते. पण दुपारच्या वेळी खुर्चीत बसून एक पान वाचलं होतं असं काही त्याला आठवेना. कागद पांढराफेक पेटला होता. ओळी त्यात तरंगत होत्या. त्यानं डोळे बारीक केले, मासिक तिरपं धरलं, मग हाताचा आडोसा केला. टेबलाच्या चकचकीत लाकडातूनही उजेड उलटा वर येत होता. पान संपायच्या आत त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याला कळलं की आसपासच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, सगळे लोक कडेच्या कमानींखाली दाटीवाटीनं बसले आहेत, आणि तिथे त्या सगळ्यांच्या डोक्यावर दिवे लागले आहेत.

"दिवे कधी लावले?" त्यानं ग्रंथपालाला विचारलं. ग्रंथपाल बोलायला मोकळा माणूस होता, आणि पाहुणे मार्गी लागल्यामुळे आता आणखीच मोकळा झाला होता.

"आत्ता, तुमची मंडळी गेल्यावर. एरवी दुपारी लावतोच आम्ही. मधे बसवत नाही हो, आणि मधल्या उन्हातून कडेला आलं की अंधारी आल्यासारखं होतं, मग लोक ओरडतात. आज तेवढे बंद ठेवले होते. तुमचं बक्षिसाचं काम, म्हटलं आपल्यामुळे अडायला नको."

"मला बोलला नाहीत कधी."

"बोललो होतो की! पडद्यांचं. तुम्ही म्हणालात, काच झाकायचीच तर डांबर काय वाईट होतं." ग्रंथपाल हसला. "मला आवडलं ते वाक्य, मी घरी जाऊन सांगितलं. मग लोक छत्र्या आणायला लागले. आज आणू नका असं सगळ्यांना बजावलं होतं, सगळ्यांनी ऐकलंही. एक त्या बाई सोडून. त्यांना म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या. तर म्हणतात, ज्यांनी बांधलंय त्यांनी बघायला नको का? आता अशा माणसापुढे काय बोलणार!"

"त्या आणखी काही म्हणाल्या?"

"छे! वर्ष झालं येतात, कधी कोणाशी बोलणं नाही. पाटीवरच्या शुद्धलेखनाचं सोडून." ग्रंथपालानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "का हो, ओळखीच्या आहेत?"

"नाही," असं त्याच्या ओठांवर आलं, आणि ते तसं यावं याचीच त्याला धास्ती बसली. तो तसाच बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन उतरू लागलं होतं. गाडी तिथेच सोडून तो चालत सुटला. वर्ष झालं ताई रोज तिथे येते. त्याला वाटत होतं, येत असेल अधूनमधून, भावानं केलेली वास्तू आहे म्हणून. उद्घाटनाच्या आधी त्यानं तिला एकटीलाच नेऊन दाखवली होती. दालनाच्या मधोमध उभी राहून ती बराच वेळ वर पाहत राहिली, आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, लहानपणी परीक्षेचा निकाल तिच्या हातात देऊन पाहत राहायचा तसा. "डोळ्यांवर येतं रे," ती म्हणाली होती. "ताई, इथे वर्षभर दिवसा दिवा लावावा लागणार नाही," तो म्हणाला होता. "दिवा नको लागू दे, पण वाचता यायला हवं ना." त्या वेळी त्याला वाटलं, हिला कौतुक म्हणून करताच येत नाही, हिला सगळीकडे चूकच दिसते, आणि तो रागानं चार दिवस धुमसत होता. राग यायचं खरं कारण वेगळं होतं, ते आज चालता चालता त्याला धडधडीत दिसलं. छपराच्या कैच्यांना लोखंडी आकड्यांच्या ओळी होत्या. पहिल्याच पाहणीत त्यानं ताडलं होतं की त्या आकड्यांना कापड ताणून बांधत असणार. टपालातले लोक काही डोळे दिपवून घेत पत्ते वाचत नव्हते. त्याच्या पहिल्या नकाशात ते कापड होतंही. पातळ, पांढरं, उन्हाला गाळून खाली सोडणारं. मग छायाचित्रं काढणारा म्हणाला की कापड लावलंत तर हे सुंदर लोखंड दिसणार कोणाला, आणि त्यानं स्वतःच एका दुपारी ते नकाशातून काढून टाकलं. कोणी भाग पाडलं नव्हतं. खर्चही वाढणार नव्हता. त्याला ते छप्पर उघडं हवं होतं, मासिकाच्या मुखपृष्ठावर, उन्हाचे झोत खाली आलेलं. ताईनं नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबून त्यानं परीक्षक बाईंना फोन लावला. त्यानं सगळं सांगितलं. कापडाचं सांगितलं, दुपारी मधला भाग रिकामा पडतो ते सांगितलं, कडेचे दिवे रोज लागतात, विजेच्या बचतीचे जे आकडे आपण दिले ते दुपारी टिकत नाहीत, हेही सांगितलं.   मग परीक्षक बाई म्हणाल्या, "खरं सांगू? इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण स्वतःहून असं सांगणारा माणूस मला आजवर भेटला नाही. फार प्रामाणिक आहात तुम्ही. चूक दुरुस्त करा, आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा येऊन बघू, मी स्वतः येईन." त्याचे कान तापले. "आणि हो," त्या हसत म्हणाल्या, "त्या छत्रीवाल्या आजींचे आभार माना बरं का! त्यांनीच डोळे उघडले म्हणायचे आपले." "हो," तो म्हणाला, "मानतो." फोन बंद झाला. तो पायरीवर बसून राहिला. इमारतीची चूक सांगताना जीभ अडली नव्हती, उलट मोठेपणाच वाट्याला आला होता, फुकटचा. आणि दुसरं जे सांगायचं होतं ते पुन्हा तसंच राहिलं होतं. त्याला वाटलं, आपण आता ताईकडे न जाता घरी जावं, दोन दिवसांनी कापडाचं काम सुरू झालं की मग जावं, काहीतरी हातात घेऊन. हे वाटताच तो उठला आणि ताईच्या घराकडे चालू लागला.

ताईच्या दोन खोल्या एका गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. दार तिनंच उघडलं. ती काही आश्चर्यचकित वगैरे झाली नाही. "ये," म्हणाली, आणि आत वळली. खोलीत संधिप्रकाश होता, दिवा अजून लावलेला नव्हता. तो खाटेच्या कडेवर बसला, ती खुर्चीत. त्यानं दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं. "बोलावतील तेव्हा," ती म्हणाली. "तुला माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे..." तो म्हणू लागला. "नको, माझा डॉक्टर बरा आहे. चष्म्याच्या कागदावर नाव चुकीचं लिहितो एवढंच."

"ताई, मी परीक्षकांना फोन केला. उजेडाचं सगळं सांगून टाकलं. बक्षीस काही या वर्षी मिळत नाही."

"बरं केलंस."

"कापड लावून घेतो. आधी ठरवलं होतं, मीच काढलं होतं."

"लाव. बाकीच्यांनाही फार त्रास होतो. त्या कडेला बसणाऱ्या मुली तर डोळे चोळून चोळून लाल करतात."

मग ती गप्प बसली. ती आपल्याला मदत करणार नाही हे त्याला कळलं. लहानपणी गणित अडलं की ती अशीच गप्प बसायची, उत्तर माहीत असून, पेन्सिल त्याच्याच हातात ठेवून.

"ताई, दुपारी मी..." तो म्हणाला. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा."

"ऐकलं मी."

"मला कळलंच नाही मी काय बोलतोय ते."

"कळलं नसेलही. पण मला एक सांग." तिचा आवाज नेहमीपेक्षा पुष्कळ हळू होता, एवढा हळू तो त्यानं कधी ऐकला नव्हता. "तुला लाज कशाची वाटली? छत्रीची, का माझी?"

समोरच्या भिंतीवर काही टांगलेलं होतं, त्याच्या कडा आता दिसेनाशा झाल्या होत्या. छत्रीची म्हणणं सोपं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पुरस्काराच्या पाहणीचा दिवस, परके लोक, भर दालनात उघडी छत्री, कोणालाही ओशाळल्यासारखं झालं असतं. ताईलाही ते पटलं असतं, किंवा पटल्यासारखं तिनं दाखवलं असतं, आणि दोघं हसून मोकळे झाले असते. त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले.

"तुझी," तो म्हणाला.

खुर्ची करकरली. तिनं एकदा डोळे मिटले, बोटांनी पापण्या दाबल्या, ते डोळ्यांच्या दुखण्यामुळे की आणखी कशामुळे हे अंधारात ठरवता येण्यासारखं नव्हतं. बाहेर गल्लीतून कोणीतरी सायकल ढकलत नेली. मग ती उठली.

"छत्रीची म्हणाला असतास तर चहा विचारला नसता," ती म्हणाली, आणि आत गेली. आतला दिवा लागला, भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. तो तिथेच बसून राहिला. उठून आत जावं, की हाक मारेपर्यंत थांबावं, हे त्याला ठरवता येईना.

"साखर अजून तेवढीच ना रे?" तिनं आतून, आता नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं.

"साखर बंद आहे, ताई," तो म्हणाला. "डॉक्टरांनी बंद केलीय. बरीच वर्षं झाली."

आत चमच्याचा आवाज थांबला.

"सांगायचंस की," ती म्हणाली.